नॉफ्लरवाले इकडे या (गिटारवाला मार्क नॉफ्लर, त्याचा बँड डायर स्ट्रेट्स, कॅसेटी, मैफली, काहीही)

झारा:
बी विंगमधला एक मुलगा सध्या रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये छोटा अँप लावून गिटारवर नॉफ्लरचं 'सुलतान्स ऑफ स्विंग' बसवतोय. शेवटचा भरभर तुकडा येतो तिथे अडकतो, चरफडतो, की पुन्हा पहिल्यापासून. काल कपडे वाळत घालता घालता मी न राहवून वरून ओरडले, अरे ते पिक (तार छेडायची चकती) ठेव बाजूला, बोटांनी वाजव! त्याने वर बघितलं ते 'ह्या काकूंना काय कळतंय' अशाच नजरेने. बाळा, काकू मार्च २००५ ला बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानात नॉफ्लरच्या मैफलीला होत्या.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आमच्या ग्रुपमधल्या एकाने कपाळाला पट्टी बांधली होती, ऐंशीच्या दशकातले फोटो बघून. आणि प्रत्यक्षात स्टेजवर आला तो साधा शर्ट, जीन्स, विरळ केस, पट्टीबिट्टी काही नाही. एखाद्या बँकेचे शाखाधिकारी जेवणाच्या सुट्टीनंतर खुर्चीवर येऊन बसावेत तसा. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. आणि मग 'टेलिग्राफ रोड'. रेकॉर्डवर ते चौदा मिनिटांच्या वर आहे, मैदानात किती चाललं देव जाणे. मधे आवाज अगदी खाली आणतो ना, तेव्हा मागे पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या पोऱ्याचा आवाज ऐकू येत होता. एवढी गर्दी गप्प झालेली मी क्रिकेटच्या सामन्यात सचिन आउट झाल्यावरच बघितली आहे.

त्याआधी दोनच वर्षं, २००३ मध्ये लंडनला मोटरसायकलवरून पडून त्याने खांदा, गळ्याचं हाड आणि सात फासळ्या मोडून घेतल्या होत्या. म्हणजे तो मुंबईला आला हेच खूप.

सांगा आता तुमचं. मुंबईत ऐकला असेल, बंगळूरला, परदेशात, किंवा फक्त कॅसेटवर. सगळं चालेल.

ठाण्याचा राजा:
मी पण होतो!!! डावीकडच्या टॉवरच्या मागे. अर्धा स्टेज दिसत होता, उरलेला अर्धा कल्पनेने. धूळ इतकी की घरी गेल्यावर आईने बूट बाहेरच काढायला लावले. तिथून कुर्ल्यापर्यंत चालत, 'वॉक ऑफ लाइफ' बेसूर गात. शेवटची कर्जत मिळाली. डब्यातल्या एका काकांनी विचारलं कुठली मिरवणूक?

झारा:
@ठाण्याचा राजा हाहाहा. टॉवरच्या मागे उभे राहून 'बाजूला व्हा' ओरडणारे तुम्हीच का?

ठाण्याचा राजा:
टॉवरला ओरडत होतो.

मंदारमाला:
बारावी. मार्च २००५. आणखी काही लिहायला हवंय का?

पिठलंभाकरी:
अरेरे. कुठला पेपर होता?

मंदारमाला:
केमिस्ट्री पुढ्यात होता. मोठा भाऊ जाऊन आला आणि रात्री एक वाजता मला उठवून सगळी गाणी क्रमाने सांगितली. क्रम अजून पाठ आहे. केमिस्ट्रीतलं काही पाठ नाही.

खडूस पुणेरी:
रसभंग करतो, माफी असावी. गिटार उत्तम, वाद नाही. पण स्टेजवर तो काय करतो? उभा राहतो. पुढच्या गाण्याला गिटार बदलतो. पुन्हा उभा राहतो. हेच घरी डोळे मिटून ऐकलं तर पार्किंगचे पैसे वाचतात.

एकतारी:
@खडूस पुणेरी बघायचं ते उजव्या हाताकडे. मूळचा डावखुरा आहे, पण वाजवतो उजव्यांसारखं. म्हणजे ताकदीचा हात गिटारच्या मानेवर स्वर दाबायला आणि छेडायला दुसरा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, बस्स. पिकने प्रत्येक स्वर एकाच धारेचा निघतो, बोटाने प्रत्येक स्वराला वेगळं वजन देता येतं. एक स्वर कुरवाळून, पुढचा तार खेचून फटकन. 'सुलतान्स'मध्ये ती जी कुजबूज-मग-टोमणा अशी बोलण्याची लकब आहे ती सगळी ह्या तीन बोटांतून येते. त्या मुलाचं शेवटी अडकतंय त्याचं कारण हेच आहे, झाराताई. पिकने तो तुकडा उगीच अवघड होतो.

दुसरी गंमत. हे गाणं त्याने आधी नॅशनल गिटारवर रचलं होतं, ती धातूची, पोटात थाळीसारखा पत्रा असलेली. त्यालाच ते नीरस वाटायचं. मग स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि त्याच शब्दांवर सगळं उभं राहिलं. लंडनमध्ये डेटफर्डच्या एका जवळपास रिकाम्या पबमध्ये, बाहेर पाऊस, आत एक साधासुधा जॅझ बँड वाजवत होता आणि शेवटी त्यांनी 'आम्ही सुलतान्स ऑफ स्विंग' अशी ऐटीत ओळख करून दिली, त्यावरून गाणं. ऐकायला माणसं नाहीत आणि नाव सुलतान. असली गोष्ट बरोबर त्याच्याच नजरेला पडणार. आधी लीड्सच्या पेपरात बातमीदार होता ना.

खडूस पुणेरी:
हे 'नजरेला पडणं' मान्य. 'मनी फॉर नथिंग' पण न्यूयॉर्कमधल्या फ्रिज-टीव्हीच्या दुकानातल्या कामगाराची बडबड ऐकून तिथेच उतरवून घेतलं होतं म्हणे. आमच्या इथे दुकानात उभं राहून काही लिहायला लागलं तर 'कोटेशन हवंय का' विचारतील.

टायनकाठचा:
न्यूकॅसलहून लिहितोय, ड्यूटी संपवून बसलोय, चुका पोटात घाला. तो जन्माने ग्लासगोचा, पण लहानपणीच इकडे ब्लाइथला आला, त्यामुळे इथले लोक त्याला आपलाच धरतात. सेंट जेम्स पार्कला न्यूकॅसल युनायटेडचा संघ मैदानात उतरतो तेव्हा 'लोकल हिरो'ची धून लावतात. १९८३ च्या सिनेमाची आहे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, सहकाऱ्याने ओढून नेलं, आणि ती धून सुरू झाल्यावर शेजारचा दणकट म्हातारा डोळे पुसायला लागला. मला वाटलं कोणी गेलं की काय. नाही, नेहमीच रडतो म्हणाला.

मैफल ऐकली ती २०१० ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. त्या वर्षी त्याची पाठ दुखावली होती, शीर दबली होती, त्यामुळे सगळा दौरा खुर्चीत बसून. आई तेव्हा माझ्याकडे आली होती, तिलाही नेलं. तिला 'रोमिओ अँड ज्युलिएट' आवडलं, ती चकचकीत गिटार जास्त आवडली. मध्येच कानात म्हणाली, 'ह्याला कोणी महानारायण तेल सांगितलं नाही का?'

पिठलंभाकरी:
आईंना साष्टांग नमस्कार _/\_

सुमनताई:
महानारायण तेल खरंच चांगलं. पण नुसतं चोळून उपयोग नाही, वरून शेक हवा. आमच्या ह्यांना मणक्याचा, एल-फोर एल-फाइव्हचा त्रास होता.

ठाण्याचा राजा:
सुमनताई, शेक कशाचा? पिशवीचा की वाळूचा? मला बाईकमुळे सेम.

सुमनताई:
जाड मिठाचा, पुरचुंडी करून. आणि बाईक बंद करा आधी.

कोल्हापुरी ठेचा:
कॅसेटवाल्यांनो हात वर. १९८८-८९ च्या सुमारास आमच्याकडे एक दुकानदार कॅसेट भरून द्यायचा. यादी द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. मी 'ब्रदर्स इन आर्म्स' भरायला दिली, त्याच्याकडे कुणाची तरी मूळ कॅसेट होती. नव्वद मिनिटांची रिकामी कॅसेट, अल्बम संपून टेप उरली. उरलेली टेप वाया घालवणं त्या भल्या माणसाच्या तत्त्वात बसेना. शेवटच्या गाण्यात गिटार हळूहळू विरत जाते, आणि ढिंग टाक ढिंग गवळण सुरू! आजही कुठेही 'ब्रदर्स इन आर्म्स' संपलं की माझा कान ढोलकीची वाट बघतो. बायको म्हणते उपचार घ्या.

झारा:
@कोल्हापुरी ठेचा मेले हसून. तीच कॅसेट ऐकायची आहे मला.

कोल्हापुरी ठेचा:
२०१९ च्या पुरात गेली ताई. माळ्यावर नव्हती ना.

झारा:
अरे रे. सॉरी. घर ठीक होतं ना तेव्हा?

कोल्हापुरी ठेचा:
घर ठीक. माणसं ठीक. फ्रिज आणि कॅसेटी गेल्या. गवळण राहिली, डोक्यात.

हणजुणेकार:
आमच्या गोंयात लग्नाला बँड असतो तो 'वॉक ऑफ लाइफ' वाजवतोच वाजवतो. त्या ऑर्गनच्या सुरुवातीला सगळ्या आज्या खुर्च्या सोडून उठतात. माझी आजी नव्वदीची, तिला डायर स्ट्रेट्स माहीत नाही, तिच्या लेखी ते 'लग्नातलं गाणं'. एका लग्नात बँडने वाजवलं नाही तर म्हणाली, जेवण बरं होतं पण लग्न नीट झालं नाही.

स्लॅशप्रेमी:
धागा भरकटवतो. मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस कोण कोण होतं? त्यांचा गिटारवाला स्लॅश: टोपी, केस, लेस पॉल गिटार, कमरेच्याही खाली लटकवलेली. गिटारवाला असा दिसला पाहिजे!! बँकवाला नव्हे. शिवाय घामाने अंगातलं निम्मं पाणी गेलं तरी एक माणूस हलला नाही.

खडूस पुणेरी:
मे महिन्यात मुंबईत चामडी पँट. वेडेपणाला सीमा नाही.

एकतारी:
@स्लॅशप्रेमी दोघंही आवडतात की. स्लॅश तुम्हाला खेचून नेतो, नॉफ्लर तुम्ही येईपर्यंत थांबतो. बाकी 'मनी फॉर नथिंग'चा तो घोगरा आवाज लेस पॉलचाच आहे हो. आणि तो आवाज ठरवून आलेला नाही. स्टुडिओत माइक भलतीकडेच तोंड करून ठेवलेले होते, एक तर जमिनीकडे, ध्वनिमुद्रकाने ते सारखे करण्याआधीच वाजवून बघितलं आणि सगळे म्हणाले आता कोणी हात लावायचा नाही. नंतर पुन्हा तसाच आवाज काढताना त्यांचीच दमछाक झाली.

मंदारमाला:
ती लेस पॉल त्याने विकली ना? जानेवारी २०२४ ला ख्रिस्टीजमध्ये लिलाव होता. एकशेवीसच्या वर वस्तू, मिळून अठ्ठ्याऐंशी लाख पौंडांपेक्षा जास्त आले. चतुर्थांश रक्कम संस्थांना दान. मला रागच आला होता. आपण कॅसेट जपून ठेवतो आणि हा माणूस ती गिटारच काढून टाकतो?

टायनकाठचा:
@मंदारमाला मी लिलावाआधी प्रदर्शन बघायला गेलो होतो, फुकट होतं. मलाही वाईट वाटेल असं वाटलेलं. पण जवळून बघितल्यावर वाटलं की ह्या वाजवल्या जायला हव्यात, पेटीत बसून काय करणार. तिथे एक काका नुसते उभे राहून एका गिटारचे ओरखडे बघत होते. मीही शेजारी उभा राहून ओरखडे बघितले. बोललो काहीच नाही.

खडूस पुणेरी:
आमच्या घरात १९७४ ची सायकल आहे. चाकं नाहीत. तीही विकायची नाही.

नीरजा_फलटण:
मी गिटार वाजवत नाही, रॉकही फार ऐकत नाही. पण बाबांची एक गोष्ट सांगते. बाबा म्हणजे फक्त शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, बाकी सगळा 'गोंगाट'. भावाच्या खोलीतून कायम दार लावून घ्या, आवाज कमी करा चालायचं. एकदा तो 'प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेशन्स' ऐकत होता आणि बाबा दारात येऊन उभे. आम्हाला वाटलं आता बोलणी. तर संपेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, 'ह्याला घाई नाही. कोण आहे हा?' भावाने नाव सांगितलं. बाबा म्हणाले, 'असू दे. दोन सुरांमधली जागा मोकळी सोडायला धीर लागतो.' आणि पेपर वाचायला गेले. त्यानंतर फक्त नॉफ्लरला दार उघडं ठेवायची परवानगी होती.

भाऊ २०२१ च्या लाटेत गेला. बाबा अजून कधीतरी लावायला सांगतात. नाव लक्षात नाही त्यांच्या, 'तो बिनघाईचा लाव' म्हणतात.

झारा:
नीरजा, काय लिहू गं. बाबांना नमस्कार सांग. त्यांना 'लोकल हिरो'ची ती शेवटची धून ऐकवलीस का? नसेल तर ऐकव. शब्द नाहीत, फक्त वाद्यं, आवडेल.

नीरजा_फलटण:
नाही ऐकवली. उद्या लावते. थँक्यू.

सुमनताई:
नीरजा बाळा, काळजी घे. बाबांचं वय काय? एकटे असतात का?

नीरजा_फलटण:
८१. माझ्याकडेच असतात ताई. माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत, रोज चालायला जातात.

ठाण्याचा राजा:
कोणाला माहीत आहे का, मादागास्करला एका डायनासोरला ह्याचं नाव दिलंय. २००१ मध्ये. मासियाकासॉरस नॉफ्लेराय. खोदकाम करताना ह्याची गाणी लावली की हाडं सापडायची, म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी दखल घ्यावी.

पिठलंभाकरी:
आमच्या सोसायटीत पाण्याची पाइपलाइन सापडत नाहीये, लावून बघू का?

एकतारी:
लाइव्ह एडचा, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या त्या मोठ्या मैफलीचा विषय कोणी काढला नाही अजून. जुलै १९८५. त्या दिवसांत त्यांचे स्वतःचे कार्यक्रम शेजारच्याच वेम्ब्ली अरीनात चालू होते. त्यामुळे संध्याकाळी वेम्ब्ली स्टेडियममध्ये गायक स्टिंगला घेऊन वाजवलं आणि त्याच रात्री शेजारी जाऊन आपला ठरलेला कार्यक्रम केला. अख्खं जग टीव्हीवर बघतंय आणि हे लोक दुसऱ्या शिफ्टला निघाले.

ठाण्याचा राजा:
मुंबईकर शोभतात.

मंदारमाला:
एक शंका. हा धागा वाचून मी माझी जुनी गिटार काढली आहे, तारा गंजल्यात. बोटांनी वाजवायला तारांचा नऊच्या जाडीचा सेट घेऊ की दहाचा? इलेक्ट्रिक आहे.

एकतारी:
नवीन सुरुवात असेल तर नऊचा. तार ओढायला सोपी जाते.

स्लॅशप्रेमी:
अकराचा घे. घाबरतेस काय.

खडूस पुणेरी:
दहाचा घ्या आणि बोटांना फोड आले की सुमनताईंना विचारा.

सुमनताई:
फोडांना खोबरेल. पण तार लावण्याआधी नखं कापा हो.

एकतारी:
उजव्या हाताची थोडी ठेवा!