नर्सिंगच्या पदवीसाठी दुसऱ्यांदा अर्ज करतेय. मनोगतात काय लिहू?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नर्सिंग पदवीसाठी अर्ज केला होता. जीवशास्त्र, रसायनशास्त्र दोन्हीत मार्क चांगले होते. मुलाखतीपर्यंत पोचले, मग वेटिंग लिस्टवर नाव लागलं, आणि सत्र सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर 'सर्व जागा भरल्या आहेत' असा दोन ओळींचा मेल आला. तो मेल अजून डिलीट केलेला नाही. मला नर्सच व्हायचंय, दुसरं काही मनात येतच नाही.

यंदा मुदतीला सात आठवडे उरलेत. मनोगत ५०० शब्दांचं. माझी सुरुवात अशी आहे:

'लहानपणापासूनच मला रुग्णसेवेची ओढ आहे. रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा असे मी मानते. परिचारिका हा केवळ पेशा नसून ते एक व्रत आहे. माझ्या अंगी प्रेम, करुणा आणि सहनशीलता हे गुण आहेत.'

ही बरी वाटते का? शिवाय दोन गोष्टी छळताहेत. एक म्हणजे मधलं वर्ष. आजीच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर तीन महिने ती पूर्ण अंथरुणावर होती. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, त्यामुळे सलग वेळ कधी मिळायचाच नाही आणि रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जायचं राहून गेलं. आता ते वर्ष अर्जात रिकामं दिसणार. दुसरं, मुलाखतीत विचारलं होतं, 'डॉक्टर का नाही, नर्स का?' मी म्हणाले, 'डॉक्टर आजार बरा करतात आणि नर्स त्यांना मदत करते, मला मदत करायला आवडतं.' त्यानंतर समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. तेव्हाच कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते अजून कळत नाही.

रात्रपाळी

तुझ्या वयाची पुष्कळ मुलं माझ्या वॉर्डात शिकायला येतात, म्हणून तू म्हणते. एकोणीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे आणि त्यातली सहा वर्षं निवडीच्या मुलाखती घ्यायलाही बसते.

आधी तो परिच्छेद. एका बैठकीत आम्ही साठ-सत्तर मनोगतं वाचतो. त्यातली निम्मी 'लहानपणापासून' या शब्दाने सुरू होतात. ती मुलं खोटं बोलत नसतात, तूही नाहीस. पण ते वाचून मला तुझ्याबद्दल एकही गोष्ट कळत नाही. करुणा आहे असं तू सांगतेस. मला ती कुठेतरी घडताना दिसायला हवी. आणि 'व्रत' हा शब्द मला मनापासून खटकतो. व्रत म्हटलं की पगार, पाळ्या, एका नर्समागे किती रुग्ण, हे काहीच विचारायचं नाही असं होतं. हा शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून करायचा व्यवसाय आहे. चुकलं तर माणूस दगावतो.

'डॉक्टर का नाही?' याचंही तेच. नर्स डॉक्टरांची मदतनीस आहे असं तू नर्सेसच्याच पॅनेलसमोर म्हणालीस. डॉक्टर राउंडला येऊन जातात, उरलेला सगळा दिवस आणि रात्र रुग्ण नर्सच्या नजरेखाली असतो. श्वास बदलला, चेहरा उतरला, लघवी कमी झाली, हे पहिल्यांदा दिसतं ते तिला. ते ओळखणं, त्यावर पाऊल उचलणं आणि योग्य माणसाला योग्य शब्दांत कळवणं हे तिचं स्वतःचं काम आहे. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. आणि प्रत्येक नर्सवर एकेक रुग्ण वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. 'डिप्लोमा का नाही, पदवीच का?' असंही विचारतात, तेव्हाही हे आठव. पण घोकून म्हणू नकोस. त्याचा अर्थ तुला काय वाटतो ते बोल.

आता ज्या वर्षाला तू रिकामं म्हणतेस त्याबद्दल. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं हे तुला कोणी सांगितलं? वळवताना तू काय बघायचीस? काही बिघडत चाललंय असं कधी वाटलं का, आणि वाटल्यावर काय केलंस? हे इथेच लिही. सजवू नकोस.

सलाईनस्टँड

मी दुसऱ्या वर्षाला आहे. ताईंनी मोठं सांगितलंय, मी कागदांचं सांगतो, कारण माझा एक मित्र निवड होऊनही कागदांपायी अडकला.

हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू कर. तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी १० किंवा त्याहून जास्त आहेत ना ते बघतात. प्रवेश मिळाल्यावर सुरू केलंस तर वॉर्डात जायची वेळ येईपर्यंत हे पुरं होत नाही. लहानपणीच्या लसींचं कार्डही शोधून ठेव.

शिफारसपत्र ज्यांच्याकडून हवं त्यांना या आठवड्यात विचार, आणि मनोगताचा कच्चा मसुदा त्यांना दे, म्हणजे ते 'हुशार व नम्र विद्यार्थिनी' एवढ्यावर थांबणार नाहीत. अर्ज भरशील तिथल्या अभ्यासक्रमाला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे याची खात्री कौन्सिलच्या यादीतच कर, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. मान्यता नसेल तर पदवी हातात असूनही नोंदणी होत नाही.

आणि गणित. आमच्याकडे छोटी चाचणी होती: १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांना १ मिली देणारा, तर मिनिटाला किती थेंब? तासाला १२५ मिली, म्हणजे २५०० थेंब, भागिले ६०, साधारण ४२. अवघड काही नाही, पण घड्याळ समोर असलं की हात थरथरतो. रोज पाच उदाहरणं कर. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, आणि पूर्ण एक असेल तर 'एक दशांश शून्य' कधीच लिहायचं नाही. चिन्ह पुसट आलं तर एकाचे दहा होतात. मी हे मुलाखतीत सांगितलं होतं आणि ते त्यांना आवडलेलं दिसलं.

बऱ्याच ठिकाणी आता एकच लांब मुलाखत नसते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली पद्धत वापरतात: एकामागून एक छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक. एक खोली बिघडली तर तिथेच सोडून द्यायची, पुढच्या परीक्षकाला ते माहीत नसतं.

निळीशाई

दोघांचे आभार. लस उद्याच. ताई, विचारलंत तसं लिहिते.

एकाच जागी दाब पडून जखम होऊ नये म्हणून वळवायचं, हे डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी सांगितलं होतं. मी वहीत वेळ लिहायचे: डावी, पाठ, उजवी. दुसऱ्या आठवड्यात उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. इतर ठिकाणी बोटाने दाबलं की त्वचा पांढरी पडून परत लाल व्हायची, तिथे दाबूनही लालच राहिली. आई म्हणाली तेल लावून चोळ. मला ते बरोबर वाटेना, म्हणून वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या चोळायचं अजिबात नाही, पोटरीखाली उशी घाल आणि टाच अधांतरी राहू दे. पाच दिवसांत डाग गेला.

दुसरा प्रसंग नंतरचा. एका संध्याकाळी आजी मला आत्याच्या नावाने हाक मारू लागली. ताप नव्हता. घरात सगळे म्हणाले, वय झालं, असं व्हायचंच. पण सकाळी तिने माझ्याशी नीट गप्पा मारल्या होत्या. मी वही बघितली आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलं: सकाळपर्यंत ओळखत होती, चारनंतर बदललं, पाणी रोजच्या निम्मंच गेलंय, लघवी दिवसभरात दोनदाच झाली. ते म्हणाले लगेच घेऊन या. लघवीचा संसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली.

हे लिहायचं का? घरी तर सगळेच करतात.

रात्रपाळी

नाही ग, सगळे नाही करत. तुझ्या घरातल्यांनीच 'वय झालं' म्हटलं होतं ना?

वॉर्डात आम्ही श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देतो, बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलावतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने असा एक तक्ता २०१२ मध्ये काढला. २०१७ मध्ये तो सुधारताना त्यांनी 'नव्याने आलेला गोंधळ' त्यात घातला आणि त्याला थेट ३ गुण दिले, म्हणजे एका निकषाला मिळू शकतात तेवढे सगळे. तू नेमकं तेच पकडलंस, हातात तक्ता नसताना. आणि फोनवर जे बोललीस, रुग्णाची स्थिती नेमक्या शब्दांत दुसऱ्याला कळवणं, त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. शिकाऊ मुलांना तो जमायला महिने लागतात.

पहिला परिच्छेद पूर्ण काढ. टाचेवरच्या डागापासून सुरू कर. वॉर्डला फोन केलास तेही ठेव. माहीत नसताना विचारणारी विद्यार्थिनी आम्हाला हवी असते. का चोळायचं नसतं हे नंतर वाचलं असशील तर एका वाक्यात सांग, नसशील तर आज वाच. रुग्णालयातला अनुभव मागितलाच असेल तर उरलेल्या आठवड्यांत शनिवार-रविवार कुठे जाता आलं तर जा, पण त्यासाठी हे वर्ष लपवू नकोस.

दुसरीपाळी

पुरुष नर्स आहे, बारा वर्षं आयसीयूत. ताईंशी सहमत, फक्त एक भर. आजीवर लिहिलेली मनोगतं खूप येतात आणि पुष्कळदा शेवटाकडे ती आजीच्या दुःखाची होऊन जातात. वाचणाऱ्याचे डोळे भरतात, पण अर्जदार दिसेनासा होतो. तू ते टाळ, वही आणि डाग यांच्यापाशी राहा. आणि आजीला विचारून लिही. तिचं शरीर, तिचा आजार, तिचा त्या दिवसाचा गोंधळ अनोळखी लोक वाचणार आहेत. रुग्णाची गोष्ट सांगण्याआधी परवानगी घ्यायची असते, हे या व्यवसायात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

निळीशाई

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री आजीला विचारलं. ती आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते. पूर्ण मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. आत्याच्या नावाने हाक मारायची ते तिला अजिबात आठवत नाही, ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, 'टाचेचं लिही. त्या संध्याकाळचंही लिही. मी पडले कशी ते मात्र नको.'

ते वाक्य काढलंय. आता ४६० शब्द झालेत, पहिला शब्द 'टाच'. ताई, रविवारी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, एकदा नजर टाकाल का?

रात्रपाळी

रविवारी नाईट आहे. दुपारी चारच्या आत पाठव, ड्युटीला निघायच्या आधी वाचते.