नवा लॅपटॉप: विंडोज, मॅक की लिनक्स? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि आठव्या पिढीआधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे बऱ्याच घरांत नव्या लॅपटॉपचा विषय निघाला आहे: विंडोज, अ‍ॅपलचा मॅक की मोफत मिळणारं लिनक्स? 'मॅक भारी' किंवा 'विंडोजच बरं' एवढ्यावर थांबू नका. तुमच्या कामात नेमकं काय चालतं, काय अडतं ते लिहा.

कर सल्लागार, रामदासपेठ

आमच्या धंद्यात निवडीला फारसा वाव नाही. हिशोबाचं टॅली प्राइम विंडोजचं, जीएसटीचं ऑफलाइन टूलही विंडोजचंच. मॅकवर एक्सेल आहे, पण त्यात मोठा डेटा जोडून सारांश काढणारं पॉवर पिव्हट नाही आणि अ‍ॅक्टिव्हएक्सची (विंडोजपुरती चालणारी) बटणं असलेली शीट उघडली तरी ती बटणं काम करत नाहीत. सगळ्यात आधी डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेला यूएसबी) तपासा. टोकनचा मॅकसाठी ड्रायव्हर (उपकरण संगणकाला जोडून देणारा प्रोग्राम) मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. पोर्टलचा सही करणारा प्रोग्रामही मॅकवर चालायला हवा. सप्टेंबरअखेर ऑडिट रिपोर्ट चढवताना हे कळून उपयोग नाही.

विक्री-दुरुस्ती, सीताबर्डी

वरच्या मुद्द्याला जोडून. नुसतं 'विंडोज' बघून पैसे देऊ नका, प्रोसेसर बघा. २०२४पासून स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप मिळतात, ते एआरएम जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचे. बॅटरी छान टिकते, इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रामही चालून जातात. ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. म्हणून प्रोग्राम उघडतो आणि ऑफिसातला जुना लेझर प्रिंटर ढिम्म. मॅकवर पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्राम) टाकून विंडोज चालवणार असाल तरी हीच अडचण, कारण एम१ आणि पुढच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज बसवायची सोय) नाही, आत बसतं ते एआरएमचंच विंडोज. प्रिंटरही नवाच घ्यायचा असेल तर खोक्यावर 'एअरप्रिंट' लिहिलंय का बघा. तो मॅकवर आणि आजच्या लिनक्सवर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

रॅमचं दुकानातच तपासून घ्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'सोडिम' असेल तर रॅम काढता-घालता येते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावर डकवलेली. डकवलेली असेल तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका. मॅकबुकमध्ये तर रॅम नंतर वाढतच नाही.

अध्यापन, अभियांत्रिकी

पालक शाखा न सांगता 'कोणता घेऊ' विचारतात, तिथेच चुकतं. सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चर असेल तर विंडोज, तेही इंटेल किंवा एएमडीचं. रेव्हिट, सॉलिडवर्क्स, ईटॅब्स, स्टॅड प्रो यांतलं एकही मॅकवर थेट बसत नाही. ऑटोकॅड मॅकवर आहे. कॉम्प्युटर शाखेला तिन्ही चालतात. पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक आणि लॅबची सॉफ्टवेअर-यादी हातात येईपर्यंत थांबलात तर उत्तम.

लिनक्स, रोजच्या कामाला

विकत घेण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं असा) नेता आला तर न्या, ८ जीबीचा पुरतो. काहीही इन्स्टॉल न करता वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढं दहा मिनिटांत कळतं.

विंडोजच्या शेजारी बसवणार असाल तर क्रम पाळा. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातला की विंडोज ती मागू शकतं. मग विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसेल तर बहुतेकदा बायोसमध्ये इंटेल व्हीएमडी (एसएसडी हाताळायची इंटेलची सोय) सुरू असतं. ते थेट बंद केलंत तर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर) सुरू होईल असं लावा, व्हीएमडी बंद करा, एकदा सेफ मोडमध्ये चालू करून घ्या, मग नेहमीसारखं.

लिनक्समधून परतल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर लॅपटॉप बिघडलेला नाही. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं.

व्हिडिओ एडिटिंग

मॅकबुक एअरला पंखा नाही. छोट्या कामाला शांत आणि छान, पण लांब एक्स्पोर्टला तापतो आणि वेग आपोआप कमी करतो. कंपनी वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगते. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत दुपारी ते सहज ओलांडतं. रोजचं एडिटिंग असेल तर पंखा असलेला प्रो बघा. पंखेवाला कुठलाही लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पाण्याचे बारीक थेंब आणि धूळ दोन्ही आत ओढली जातात.

क्लायंटच्या हार्ड डिस्कचं विसरू नका. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे फिरवायची डिस्क कोरी असतानाच एक्सफॅट मांडणीने फॉरमॅट करून घ्या.

विद्युत काम, महाल

धातूच्या बॉडीवर चार्जिंग करताना बोटांना झिणझिण्या येतात ते कंपनीवर अवलंबून नसतं. दोन पिनच्या चार्जरला अर्थिंग मिळत नाही आणि चार्जरमधल्या फिल्टरमधून गळणारा सूक्ष्म करंट बॉडीवर येतो. तीन पिनची केबल लावा. तरीही झिणझिण्या राहिल्या तर बोर्डाची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते.