तळमजल्यावरच्या गाळ्यात फॅब्रिकेशन आणि स्प्रे पेंटिंग : तक्रार नेमकी कुठे करायची? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात, वागळे इस्टेटला लागून असलेल्या एका चार मजली सोसायटीत राहतो. वर घरं, खाली रस्त्याकडे तोंड करून सात गाळे. त्यातल्या एका गाळ्यात माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे आणि बरोबर त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर घर. त्यामुळे खाली असले काय नि वर असले काय, सुटका नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या दोन गाळ्यांमधली भिंत काढून ते एक केले. आधी तिथे स्टेशनरीचं दुकान होतं. आता खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे रेलिंग, लोखंडी गेट बनतात. ग्राइंडर सकाळी ९ ला सुरू होतो. माल द्यायचा असला की रात्री ११ वाजले तरी चालूच. पण आवाजापेक्षा मला रंगाची धास्ती जास्त आहे. फूटपाथवर गेट आडवं टाकून स्प्रे गनने रंग मारतात. थिनरचा वास घरभर होतो. सासूबाईंना दमा आहे, त्या दुपारभर आतल्या खोलीत दार लावून बसतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या मोतिया साडीवर करड्या रंगाचे बारीक ठिपके पडले. मी साडीची किंमत भरून दिली. पण ती साडी तिच्या आईची होती, त्याची भरपाई मी कुठून करणार?

गाळा भाड्याने घेतलेल्या गृहस्थांशी दोनदा बोलले. माणूस उद्धट नाही. त्यांचं म्हणणं एकच, "ताई, वागळे इस्टेट म्हणजे इंडस्ट्रियल एरियाच. घर घेताना तुम्ही बघायला हवं होतं."

हे ऐकून मी खरंच बघायला लागले. माझे वडील याच इस्टेटमधल्या कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होते. एमआयडीसीची स्थापना १९६२ साली झाली तीही वागळे इस्टेटमध्ये, हे ते अभिमानाने सांगतात. तेव्हा कारखान्यांवर माझा राग नाही. पण एमआयडीसीची हद्द आमच्या मागच्या रस्त्याच्या पलीकडे संपते. आमचा भूखंड महापालिकेच्या विकास आराखड्यात रहिवासी विभागात आहे, त्याचा झोन दाखला मी काढला आहे. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजनाचे अधिकार एमआयडीसीचे, आणि २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (यूडीसीपीआर) तिथे लागू नाही. आम्हाला मात्र तीच लागू आहे. म्हणजे लोक बोलताना सगळ्यालाच 'वागळे' म्हणतात, त्यावर विभाग ठरत नाही.

रहिवासी विभागात सगळेच उद्योग बंद, असंही नाही. पिठाची गिरणी किंवा माझ्यासारखं शिवणकाम 'सेवा उद्योग' म्हणून चालतं. त्याला वीजभार, कामगार आणि जागेच्या मर्यादा आहेत. फॅब्रिकेशन त्यात कुठवर बसतं, इथे मी अडकले आहे. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे वर्ग लावतं, आणि त्यात नुसतं कापणं-जोडणं वेगळं, रंगकाम आलं की वेगळं. पांढऱ्या वर्गाला मंडळाची संमती घ्यावी लागत नाही, वरच्या वर्गांना लागते.

आवाजाबाबत २००० चे ध्वनिप्रदूषण नियम स्पष्ट आहेत. रहिवासी क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल, रात्री ४५. औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. माझ्या मोबाइलवर खिडकी बंद करून ७४ दिसतात. मोबाइलचं मोजमाप पुरावा म्हणून कोणी धरणार नाही, हे मला कळतं. पण ५५ आणि ७५ मध्ये ध्वनीच्या ऊर्जेचा शंभर पटींचा फरक असतो, तेव्हा मोबाइल थोडा चुकला तरी मर्यादा ओलांडलेलीच आहे.

आतापर्यंत दोन कार्यालयांत लेखी अर्ज दिले. पहिल्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने पहिल्याचं. पोहोच दोन्हीची आहे. सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं, गाळ्याचा मेंटेनन्स वेळेवर येतो, आपण कशाला मध्ये पडायचं.

जाणकारांनी कृपया सांगावं :

दुकानाच्या गाळ्यात वर्कशॉप, हा १९६६ च्या नगररचना कायद्याखाली (एमआरटीपी) विनापरवाना वापरबदल धरला जातो का? तसं असेल तर अर्ज नगररचना विभागाकडे करायचा की अतिक्रमण विभागाकडे? मधली भिंत काढली त्याची तक्रार याच अर्जात घालू की वेगळी करू?

आवाजाचं अधिकृत मोजमाप कोणाकडे मागायचं, आणि ते काम चालू असतानाच व्हावं यासाठी काय लिहायचं? सूचना देऊन आले तर त्या दिवशी ग्राइंडर बंदच असणार.

सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे कोणी गेलं आहे का? वकील लागतोच का?

एक विनंती. 'बंद पाडा' एवढंच लिहू नका. तिथे चार मुलं काम करतात, उन्हातान्हात. त्यांनी हेच काम रस्त्यापलीकडे इस्टेटमधल्या गाळ्यात करावं, एवढंच मला हवं आहे. असा तडजोडीचा मार्ग कोणाला मिळाला असेल तर तो आधी सांगा.

भर, तीन दिवसांनी : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा, हा सल्ला लगेच अमलात आणला. आज १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज दिला; ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्याच अर्जात या गाळ्याला कोणत्या धंद्याचा परवाना दिला आहे, हेही विचारलं आहे. गाळ्याच्या मूळ मालकांनाही पत्र टाकलं. त्यांचा फोन आला, ते रविवारी येऊन बघणार आहेत. रविवारी काम बंद असतं, म्हणून त्यांना शनिवारी संध्याकाळी सहाला या म्हटलं आहे. त्यांच्यासमोर नेमकं काय मांडू, हे शनिवारच्या आत कोणी सुचवलं तर बरं होईल.