मधुमेहाची जखम: मूलपेशी आधी की प्लास्टर?

निंबोणी : माझ्या मधुमेही मामांच्या तळपायाची जखम चार महिन्यांपासून भरत नाही. एका खासगी दवाखान्याने त्यांच्याच पोटावरच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचण्याचा सल्ला दिला आहे. या पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करणारी द्रव्ये स्रवतात आणि रेंगाळलेला दाह शमवतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत व छोट्या मानवी चाचण्यांत दिसले आहे. भारतात २०२० मध्ये अशा एका उत्पादनाला मान्यताही मिळाली. मग पाय गमावण्याच्या भीतीत असलेल्या माणसाने आणखी किती थांबायचे?

वाटसरू : ती मान्यता नीट वाचावी, ही विनंती. बंगळुरूत तयार होणारे ते उत्पादन दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशींचे आहे आणि बर्गर रोगामुळे (हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडण्याचा रोग) किंवा धमनीकाठिण्यामुळे ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा गंभीररीत्या घटला आहे, त्यांच्यासाठी आहे. त्यावरून चरबीतल्या पेशींना आपोआप प्रमाणपत्र मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला असा वापर केवळ रीतसर चाचणीतच, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्येच, व्हावा, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. मामांच्या पायाची नाडी लागते का?

निंबोणी : लागते. खडा टोचलेला मात्र त्यांना कळला नव्हता.

वाटसरू : मग बहुधा मुख्य दुखणे मज्जातंतूंचे आहे. संवेदना गेल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. तिथे कितीही महागड्या पेशी टोचल्या, तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर सगळ्या शरीराचा भार पडणारच. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जखमेवरचा भार कमी करणारे प्लास्टर आणि एमसीआर या मऊ, सच्छिद्र रबराची चप्पल वापरली, त्यामागचे कारण हेच होते.

तळटीप (चर्चेतील तिसरे सदस्य) : वाटसरूंचे म्हणणे अर्धेच पटते. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की घोट्याजवळचा रक्तदाब फसवा जास्त येतो आणि पायाची हाताला लागणारी नाडीही पुरेसा पुरावा ठरत नाही. पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजावा लागतो. शिवाय हातावर पोट असलेल्याला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये बसवणे, हे लिहिण्याइतके सोपे नाही. रक्तपुरवठाच तुटला असेल आणि पायाच्या धमनीचे बायपास (अडथळ्याला वळसा घालून रक्त नेण्याची शस्त्रक्रिया) शक्य नसेल, तर मूलपेशींची चाचणी शोधण्यात गैर काय?

वाटसरू : चाचणी असेल तर काहीच गैर नाही. माझा आक्षेप दरपत्रकाला आहे.

निंबोणी : दरपत्रक मिळाले आहे, अंगठ्याचा दाब मात्र कोणीच मोजलेला नाही. उद्या तो मोजून घेते.