भाट्याच्या वाळूतली नाणी: पोपटी पूड परत परत येते

जुना_पैसा (सोलापूर): मेव्हणा रत्नागिरीला असतो. भाट्याच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवताना त्याला सात जुनी नाणी सापडली, ती त्याने मला दिली. त्यातला भोकाचा पैसा मी देवाच्या तांब्यासारखा रात्रभर चिंचेत ठेवला. सकाळी गुलाबी! वरचा थर सुटला, त्याच्याबरोबर सनही गेला. फार जीवाला लागलं. उरलेल्या सहांवर पोपटी पूड येते, पुसली तरी आठवड्यात परत. काय करू?

हातमागवाला: आधी चिंच-लिंबू बंद करा. ती पूड म्हणजे समुद्राच्या मिठातलं क्लोराइड तांबं खातंय. आपलं बोअरचं पाणी नको, तेही क्षारांचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा, नाणी बुडवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. महिनाभर लागला तरी चालेल. मग मऊ ब्रश आणि बांबूची काडी. तारेची घासणी अजिबात नको. गडद तपकिरी थर राहू द्या, अक्षरं त्यातच असतात. नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डबीत ठेवा.

चाटीगल्ली: भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधलाच, म्हणजे सन अगदीच हरवला नाही. आणि १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मेव्हण्यांना नक्की सांगा.

जुना_पैसा: सांगितलं. नाणी लोणच्याच्या बरणीत बुडवलीत. चौथ्या दिवशी एकावर मुकुटाची कड दिसली.