डॉक्सीचे पाच दिवस झाले, वाघ्या अजून तापातच

सासवडकर:
आमचा वाघ्या गावठी कुत्रा, चार वर्षांचा, 18 किलो. रविवारी दूध-भाकरी नुसती हुंगून बाजूला झाला, तेव्हाच पाल चुकचुकली. ताप 104.5. कान उलटून बघितले तर आत गोचिडांची रांग. रक्तात प्लेटलेट 48 हजार, हिमोग्लोबिन 7.2, स्मिअरमध्ये (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात) काही नाही. डॉक्टरांनी गोचीड ताप म्हणून डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) या अँटिबायोटिकच्या गोळ्या 28 दिवस दिल्यात. पाच दिवस झाले, ताप हटत नाही आणि कालपासून लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. आई म्हणते गोळ्यांची उष्णता झाली. बंद करू का?

मोती_चिंगीची_आई:
गोळी बंद करू नका, पण आजच्या आज पुन्हा दवाखान्यात न्या. एर्लिकिया, म्हणजे गोचीड तापाचा नेहमीचा जंतू, असता तर डॉक्सीने दोन-तीन दिवसांत फरक पडायला हवा होता. तो पांढऱ्या पेशींत राहतो. चहासारखी लघवी म्हणजे लाल पेशी फुटतायत, तिथे बबेसियाचा, म्हणजे लाल पेशींत राहणाऱ्या परजीवीचा, संशय घ्यायचा, आणि त्याला एकटी डॉक्सी पुरत नाही. एकाच गोचिडीतून दोन्ही येऊ शकतात. आमच्या चिंगीला तसंच झालं होतं. पहिला स्मिअर तिचाही कोरा होता. कानाच्या पाळीला टोचून काढलेल्या रक्ताचा स्मिअर करायला सांगा, जमलं तर पीसीआरही. बबेसिया कुठला ते कळायला हवं: मोठ्या आकाराचा बबेसिया असेल तर इमिडोकार्बचं इंजेक्शन, 14 दिवसांनी दुसरं. बारीक आकाराचा, गिब्सोनी नावाचा निघाला तर ते पुरत नाही, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन 10 दिवस द्यावं लागतं, आणि खिसा रिकामा होतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर रक्त चढवायचंही विचारा.

कोकणचा_बंड्या:
पपईच्या पानांचा रस पाजा, प्लेटलेट वाढतात.

मोती_चिंगीची_आई:
बंड्यादादा, रसाने बबेसिया मरत नाही. आणि तापावर घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका.

सासवडकर:
ताई, कानाच्या रक्तात सापडला. लाल पेशीत थेंबासारख्या जोड्या, डॉक्टरांनी मलाही दाखवल्या. मोठा बबेसिया. आधी लाळ-उलटीचा त्रास कमी व्हावा म्हणून ॲट्रोपिन, मग इमिडोकार्ब. तरी लाळ गळली, एकदा ओकला. आज तिसरा दिवस, ताप 102, अर्धी भाकरी खाल्ली. डॉक्सी चालूच आहे. तो झोपतो त्या पडवीच्या भिंतीला भेगा आहेत, त्यातून गोचिडी निघाल्या, उद्या सिमेंट आणतो. आईचं अजून तेच, उष्णताच होती.