आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट संगणकावर घेताना आवाज दबलेला येतो

प्रश्न

सोलापुरात साखर पेठेतील आमच्या घरी १९८७ साली आजीने दळताना म्हटलेल्या ओव्या वडिलांनी दोन सी-६० (साठ मिनिटांच्या) कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. यंत्र साधे मोनो असून त्यातलाच मायक्रोफोन वापरला होता. आता टू-इन-वनच्या (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्राच्या) हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून ती लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या छिद्रात जोडली आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण केले, तर आवाज दबका येतो, सतत सूंऽऽ असा खरखराट असतो आणि खाली एक घुमणारा गुणगुणाटही आहे. त्यातली नॉइज रिडक्शन (खरखर कमी करण्याची) सोय लावल्यावर खरखर गेली, पण आजी घागरीत तोंड घालून गात असल्यासारखी वाटू लागली आणि शेजारच्या मागाची खटखटही नाहीशी झाली. आजी आता नाही, त्यामुळे घाईने काही बिघडवायचे नाही. सुरुवात कुठून करावी?

पहिले उत्तर

सॉफ्टवेअर तूर्त बाजूला ठेवावे, कारण टेपवरून जो आवाज उचललाच गेला नाही, तो नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन यंत्रातले हेड, म्हणजे टेपवरून आवाज उचलणारा भाग, पुसावे. बोळ्यावर तपकिरी थर येणे बंद होईपर्यंत पुसत राहावे. नंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून राहिलेली टेप मोकळी होते.

दबकेपणाचे खरे कारण बहुधा हेडचा कोन असावा. कॅसेटची टेप सेकंदाला केवळ ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे ध्वनिमुद्रण करणारे हेड आणि ऐकवणारे हेड यांच्या कोनात किंचित फरक पडला तरी आधी वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी जातात. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खुणेने नोंदवून घ्यावी, आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर हात बसवावा आणि मग आजीची टेप चालू असताना स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे सर्वांत स्वच्छ कुठे ऐकू येतात ते पाहावे. यंत्र स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकल्यास हा फरक लवकर कळतो.

दुसरे उत्तर

गुणगुणाट विजेचा असावा. आपल्याकडे तो ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण करून पाहावे. मायक्रोफोनचे छिद्र अतिशय क्षीण संकेतासाठी असते, म्हणून लाइन-इन (यंत्रातून येणाऱ्या जोरकस संकेतासाठीचे छिद्र) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायचे ध्वनीचे उपकरण, घ्यावा. ध्वनिमुद्रणाची फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आणि वेव्ह प्रकारची ठेवावी आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा.

तिसरे उत्तर

अशा जुन्या यंत्रांत बहुधा आवाजाची पातळी आपोआप बदलते: आजी थांबल्या की यंत्र पातळी वाढवते आणि खरखर मोठी होते. त्या विरामातला नमुना घेऊन नॉइज रिडक्शन केल्यास गाण्यातलाही जीव जातो. प्रमाण ६ डेसिबलपेक्षा कमीच ठेवावे आणि मूळ फाइलला हात लावू नये. मागाची खटखट मात्र काढूच नये, अशी माझी विनंती आहे. त्या काळच्या साखर पेठेचा आवाजही त्या टेपवर आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. चौथ्या बोळ्यानंतर तपकिरी थर थांबला. स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरला आणि शब्द उमटले. जात्याच्या खुंट्यावर आजीच्या बांगड्या आपटतात, तेही आता ऐकू येते. दुसऱ्या कॅसेटमधला, टेप हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीवरचा छोटा स्पंज निखळला आहे. इथल्या उन्हाळ्यात डिंक सुटला असावा. ती टेप मी अजून लावलेली नाही. स्पंज दुसऱ्या एका जुन्या कॅसेटमधून काढून बसवणार आहे.